उजेडाचं वेळापत्रक

८ मे, पुणे

तिकिटं हातात आली. १५ तारखेला पहाटे दीडला मुंबईहून निघायचं, मध्ये कुठेही न थांबता थेट नेवार्क. लेकीला बाळंतपणाची महिनाअखेरीची तारीख दिली आहे. जावई पंचवीस तारखेच्या सुमाराची तिकिटं बघत होते. मी हट्टाने दहा दिवस अलीकडची काढायला लावली.

कारण साधं आहे. उन्हाळ्यात पुणं आणि न्यू जर्सी यांच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो. मनगटावरचं घड्याळ क्षणात फिरवता येतं, शरीरातलं येत नाही. पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण दीड तास सरकतं, पूर्वेकडे येताना तासभरच. आमच्या ओळखीत कितीतरी आया विमानतळावरून सामान टाकून थेट दवाखान्यात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बाळाला अंघोळ घालायला बसल्या. कौतुक होतं त्याचं, पण मला त्याची धास्ती वाटते. दोन रात्री धड न झोपलेल्या माणसाच्या हातात तेल लावलेलं निसरडं बाळ देऊ नये. जेट लॅगकडे लोक प्रवासाचा शीण म्हणून बघतात. मला तो घरातल्या सुरक्षिततेचा प्रश्न वाटतो, म्हणून यावेळी सगळं तारीखवार लिहून ठेवणार आहे.

१० मे, पुणे

काल रात्री साडेदहाऐवजी साडेअकराला झोपलो, आज साडेबारा वाजवायचे. पश्चिमेला जायचं तर शरीराला दिवस लांबवायला शिकवायचं असतं, आणि त्याची सुरुवात घरूनच करता येते. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातले दोन्ही दिवे लावून डिंकाचे लाडू करायला बसले. तुपात डिंक फुलत होता, खारकेची पूड भाजून झाली होती, खोबऱ्याचा वास सुटला होता. डोक्यावर लखलखीत उजेड आणि हाताला काम असलं की बारा कधी वाजतात ते कळत नाही. सकाळी मात्र पडदे ओढून ठेवले आणि नेहमीचं तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद ठेवलं. हे म्हणाले, "अगं, सगळं उलटंच चाललंय आपलं." उलटंच करायचं आहे सध्या, म्हटलं.

कागदावर गणित मांडून फ्रिजला लावलं. त्यामागची गोष्ट यांना समजावून सांगितली, ती इथेही लिहिते.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. त्याचा दिवस माणसागणिक थोडा वेगळा असतो, पण सरासरीने २४ तासांपेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी मोठा भरतो. त्यामुळे बहुतेकांना दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडणं जड जातं. पश्चिमेचा प्रवास त्यातल्या त्यात सुसह्य का, याचं उत्तर यातच आहे. हे घड्याळ रोज जुळवून घेतं ते मुख्यतः डोळ्यांतून आत येणाऱ्या उजेडावर.

आता मुद्द्याची गोष्ट. रोज झोपेतून उठायच्या साधारण अडीच-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. साडेपाचला उठणाऱ्याच्या बाबतीत ही वेळ पहाटे तीनच्या आसपास येते. या थंड घटकेच्या आधीचे पाच-सहा तास डोळ्यांवर जोरदार उजेड आला, तर घड्याळ मागे रेंगाळतं. तिच्यानंतरच्या पाच-सहा तासांत आला, तर ते पुढे धावतं. उजेड तोच, पण ती घटका ओलांडली की परिणाम उलटा होतो. म्हणून "उन्हात जा, बरं वाटेल" हा सल्ला अर्धाच असतो. कुठल्या उन्हात, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

१२ मे, पुणे

यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रात्री घ्यायचं, दिवसभर पुरणारं इन्शुलिन हा या प्रवासातला सर्वांत नाजूक भाग. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तेव्हा दोन डोसांमधलं अंतर वाढतं. परत येताना दिवस आखडतो आणि डोस एकमेकांवर चढून साखर खाली जाण्याची भीती असते. डॉक्टरांनी प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी किती आणि केव्हा, ते स्वतः लिहून दिलं. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजाऱ्याचा कागद आपल्याला चालत नाही. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचंही असंच विचारून घ्यावं.

इन्शुलिन हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. सामानाच्या पोटात ते गोठण्याची शक्यता असते, आणि गोठलेलं इन्शुलिन वापरता येत नाही. यांनी एक जुनं घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायचं ठरवलं आहे, ते फक्त औषधासाठी. जेवण-झोपेसाठी त्याकडे बघायचं नाही.

१४ मे, मुंबई विमानतळ, रात्री

शिवनेरी बसने दुपारीच निघालो. आज सकाळी आम्ही साडेसातला उठलो, म्हणजे थंड घटका आता पहाटे पाचवर आली असावी. विमान दीडला सुटणार, साडेतीन तासांनी पाच वाजतील. त्याच्या आधी कितीही दिवे चालतील. त्यानंतर भारतातले दहा वाजेपर्यंत डोळ्यांवर पट्टी, खिडकी बंद, समोरचा पडदाही बंद. शेजारच्याने झडप उघडली तरी पट्टी काढायची नाही. त्यापुढच्या तासांत जमेल तशी डुलकी.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण केल्या जात नाहीत. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहायचं. मद्याने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तास-दीड तासाने उठून चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे. आमच्या वयाला हे सांगण्यासाठी वेगळ्या डॉक्टरची गरज नाही.

१५ मे, एडिसन

सकाळी आठला उतरलो. शरीराच्या लेखी संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे चहाची वेळ. घरी पोचेपर्यंत उत्साह होता. लेक दारातच म्हणाली, "आई, आल्या आल्या ओट्याशी जायचं नाही." नाही गेले. आंघोळ, मऊ भात, ताक आणि अकराच्या सुमाराला अर्ध्या तासाची झोप, तीही गजर लावून. तो अर्धा तास चार तासांचा झाला की रात्र हातची गेली समजायचं.

दुपारी दोनपासून खरं काम सुरू. जावयांनी अंगणात खुर्च्या टाकल्या. टोपी नाही, गॉगल नाही, छत्री नाही. सूर्याकडे बघायचं नसतंच, पण उघड्यावर बसायचं. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ढगाळ दुपारीही काही हजार तरी असतो. आपल्याला झगझगीत वाटणाऱ्या दिवाणखान्यात तो दोनशे-तीनशेच्या पुढे क्वचित जातो. आतल्या घड्याळाला हा फरक फार मोठा असतो, म्हणून खिडकीपाशी बसून भागत नाही.

पहाटे पाचची माझी थंड घटका इथल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातला येते. त्यामुळे सातपर्यंत बाहेर, सात वाजता आत. सूर्य मावळायला अजून तास होता आणि बाहेर फार सुरेख तिरपं ऊन होतं. लेक म्हणाली, "आता कुठे गार झालंय, चल की एक चक्कर." उद्या, म्हटलं. आजचा सातनंतरचा उजेड मला उलट्या दिशेला नेईल. उद्या ही घटका नऊच्या आसपास सरकलेली असेल, मग दिवेलागणीपर्यंत फिरता येईल.

नऊपर्यंत जागं राहणं सर्वांत कठीण होतं. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा, रात्रभर जागरण केल्यासारखं अंग. हे तर ताटावर बसल्या बसल्या पेंगत होते. त्यांना उभं केलं, भांडी पुसायला लावली. सव्वानऊला दोघेही आडवे झालो.

१७ मे, एडिसन

रात्री दोनला टक्क जाग. पुण्यात साडेअकरा, पोटात कावळे ओरडायला लागलेले. शरीरात एकच घड्याळ नसतं. यकृत, आतडी, स्वादुपिंड, प्रत्येकाचं आपापलं असतं, आणि ती जेवणाच्या वेळांवरही चालतात. मेंदूतलं घड्याळ पुढे निघतं आणि बाकीची मागे रेंगाळतात. दिंडीत विणेकरी पुढच्या वळणावर पोचावा आणि बाकीची दिंडी अजून ओढ्यातच असावी, तसं. जेट लॅगमध्ये झोप उडण्याबरोबर पोट बिघडतं, भूक भलत्या वेळी लागते, बद्धकोष्ठ होतं, ते यामुळे. मधुमेह्याची साखर वरखाली होते तीही याच काळात, म्हणून यांची तपासणी रोज जास्त वेळा चालू आहे.

दोन वाजता पोळीभाजी मांडून बसलं की यकृताला वाटतं पुण्याचंच चालू आहे. मी अर्धं केळं खाल्लं, चार घोट पाणी प्यायले आणि अंधारात पडून राहिले. यांच्यासाठी दूध ठेवलं होतं, कारण उपाशीपोटी साखर उतरणं त्यांना परवडत नाही. फोनला हात लावला नाही. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड मोजून मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. दृष्टी गेलेल्या काही माणसांच्या डोळ्यांत या पेशी शाबूत असतात आणि त्यांचं शरीर सूर्याबरोबर चालतं. ज्यांच्या घड्याळापर्यंत उजेड मुळीच पोचत नाही, त्यांचा दिवस मात्र रोज थोडा थोडा घसरत जातो. आमच्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड कमी आत येतो. मोतीबिंदू असलेल्यांनी बाहेरचा वेळ जरा वाढवावा, तो याच कारणासाठी.

१९ मे, एडिसन

आज दुपारचा उजेड गाडीतून उतरून घेतला. जावई रोझेलला घेऊन गेले होते, इथून जवळच आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या तेव्हा याच गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या होत्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. एकटीने, परक्या सोबतीत, बोटीवरच्या अन्नाशी झगडत. त्या प्रवासाचे हाल आपल्याला सोसणार नाहीत. पण एवढं खरं की दोन महिन्यांत वेळ रोज काही मिनिटांनी सरकत होती आणि शरीर तिच्याबरोबर सरकत होतं. रोझेलच्या रस्त्यावर उभं राहून मला पहिल्यांदा नीट जाणवलं की आपण जे करतो आहोत ते माणसाच्या शरीराला किती नवं आहे. १९३१ साली वायली पोस्ट आणि हॅरोल्ड गॅटी यांनी विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, साडेआठ दिवसांच्या थोडी वर. पोस्टने त्याआधी मुद्दाम वेळीअवेळी झोपण्याचा सराव केला होता. त्याला कळलं होतं की पेट्रोलइतकीच झोपेचीही तयारी लागते. आज पंधरा-सोळा तासांत साडेनऊ तासांचा फरक ओलांडणारी आमच्यासारखी साठी-सत्तरीची माणसं कसलीच तयारी न करता विमानात बसतात.

२२ मे, एडिसन

काल रात्री दहा ते साडेपाच, एका झोपेत. सकाळी भूक सकाळची होती आणि दुपारी डोळे जड झाले नाहीत. यांची साखर जागेवर आहे. दुपारी तीननंतर चहा बंद ठेवला होता, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. आता चारचा चहा परत सुरू. अळीव भिजत घातले आहेत. लेकीचे पाय सुजले आहेत, तिला बसवून आज मी पहिल्यांदा सगळा स्वयंपाक केला.

३१ मे, एडिसन

नात झाली. दोघी घरी आल्या आहेत. दहा दिवस आधी आलो याचं चीज झालं: दवाखान्यात दोन रात्री मी जागले आणि दिवसा ताजी होते.

नवजात बाळाचं घड्याळ अजून चालू झालेलं नसतं. आईच्या पोटात त्याला आईकडून रात्र कळत असते, बाहेर आल्यावर तो धागा तुटतो. स्वतःची रात्र-दिवसाची लय यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ते कधीही उठतं, आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याबरोबर उठतं. लेकीने आणि जावयांनी एकही विमान पकडलेलं नाही, तरी दोघांचे डोळे परवाच्या आमच्यासारखेच दिसतात.

म्हणून रात्रीचा नियम ठरवला. बाळाच्या खोलीत छताचा दिवा लावायचा नाही. पलंगाखाली, जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा, लंगोट बदलण्यापुरता. बोलणं हळू, फोन बाहेर. सकाळ झाली की पडदे सताड उघडे आणि बाळाचा बिछाना खिडकीशी, ऊन थेट अंगावर येणार नाही असा. रात्र अंधारी आणि दिवस उजळ, हा धडा तिला पहिल्या दिवसापासून मिळू दे. त्याच नियमाने आईबापांनाही चार तास सलग मिळतात. रात्री दोनची पाळी माझी.

२६ ऑगस्ट, एडिसन

परतीचे वेध लागले. आठवड्याने निघायचं. १४ सप्टेंबरला गणपती बसतात, त्याच्या आत माणसात यायला हवं, आमच्याकडे पंचवीस पानं असतात. हा प्रवास पूर्वेचा, म्हणजे कठीण बाजूचा.

लेकीने मेलाटोनिनची बाटली आणून दिली. इथे ती किराणा दुकानातही मिळते. मेलाटोनिन ही काही झोपेची गोळी नव्हे. अंधार झाला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी ते सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवते. १९५८ साली येल विद्यापीठात आरोन लर्नर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पाच किंवा जास्त कालपट्टे ओलांडणाऱ्या प्रवाशांना, मुक्कामाच्या गावच्या झोपेच्या वेळी घेतलं तर त्याचा उपयोग होतो, असं अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन २००२ मध्ये मांडलं गेलं. मात्रा अर्धा ते पाच मिलिग्रॅम. भलत्या वेळी घेतलं तर घड्याळ उलटं सरकतं आणि दिवसाउजेडी गुंगी येते.

बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असेल असंही नाही. कॅनडातल्या संशोधकांनी ३१ वेगवेगळी उत्पादनं तपासली, त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. कशात छापलेल्या मात्रेपेक्षा ८३ टक्के कमी, तर कशात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. यांची औषधं इतकी आहेत की आम्ही बाटली इथेच ठेवून जायचं ठरवलं. उजेडावर आणि अंधारावरच भागवू.

३१ ऑगस्ट, एडिसन

यावेळी तयारी उलटी: रात्री लवकर आडवं व्हायचं, सकाळी उठल्या उठल्या अंगणात. दिवस लांबवायचा नाही, आखडायचा आहे. बाळाच्या पाळ्यांमुळे आमच्या झोपेच्या वेळा थोड्या उशिराच्या झाल्या होत्या, त्या जेमतेम तासभर अलीकडे आल्या. माझी थंड घटका आता इथल्या पहाटे साडेतीनच्या आसपास असावी. भारतात ती दुपारी एकला येईल. विमान भर दुपारी उतरणार. तेव्हा विमानातली सकाळ अंधारात काढायची आणि एक-दीड वाजून गेल्यावर जितका मिळेल तितका उजेड घ्यायचा.

३ सप्टेंबर, पुणे

बाराला मुंबईत उतरलो. दोघांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे काढले तेवढेच. बाहेर टॅक्सीत बसेपर्यंत दीड वाजून गेला. सव्वादोनच्या सुमाराला वाशीच्या खाडीपुलावर गॉगल काढून पर्समध्ये टाकले आणि ठरवलं की आता पुण्यापर्यंत डोळा मिटायचा नाही. शरीराच्या लेखी ती पहाटेची पावणेपाचची वेळ होती, पापण्या विटांसारख्या झाल्या होत्या. खालापूरला उतरून उघड्यावर चहा घेतला. घाटात ढग उतरले होते, तरी उघड्यावरचा उजेड उजेडच असतो. लोणावळ्याला परत उतरलो, पाय मोकळे केले. साडेपाचला घरी. सामान दारात टाकून सूर्य मावळेपर्यंत गच्चीवर चाललो. वरणभात खाऊन दहाला दिवे बंद. शरीर म्हणत होतं दुपारचे साडेबारा. झोप तुकड्या-तुकड्याने लागली. अंधारात पडून राहिलो, उठून दिवा लावला नाही.

५ सप्टेंबर, पुणे

सकाळी सहाला खालून शेजारीणबाईंची हाक आली: "वहिनी, चला तळजाईला! आल्यापासून दिसला नाहीत. सकाळच्या उन्हाने सगळा जेट लॅग पळेल." मायेने बोलावत होत्या. मी वरूनच, पडद्याआडून सांगितलं की पुढच्या आठवड्यात येते. मग दुपारी त्या घरी आल्यावर कागद काढून दाखवला.

आज माझी थंड घटका सकाळी अकराला आहे. सहाचं ऊन तिच्या पाच तास आधी येतं, म्हणजे ते माझं घड्याळ मागे, अमेरिकेकडे ढकलणार. असं रोज केलं तर शरीर साडेनऊ तास पुढे येण्याऐवजी साडेचौदा तास मागे फिरून तिथेच पोचायचा प्रयत्न करतं. अमेरिकेहून आलेली कित्येक माणसं तीन-तीन आठवडे "अजून बसलं नाही" म्हणत असतात, आणि त्यातली बरीचशी रोज पहाटे नेमाने फिरायला जात असतात. त्यांचा नेम चांगलाच आहे, पण त्या आठवड्यापुरती वेळ चुकीची असते. मी सध्या पडदे लावून बसते, गजर लावून थोडी पडतेही, आणि अकरा वाजले की बाहेर पडते. उद्या दहाला, परवा नऊला. रोज एक तास अलीकडे.

त्या कागद उतरवून घेऊन गेल्या. त्यांचा मुलगा डिसेंबरात शिकागोहून येतोय.

१२ सप्टेंबर, पुणे

आज पहाटे साडेसहाला तळजाईवर होते, आणि हे ऊन आता माझ्या बाजूचं होतं. काल आणि परवा रात्री सलग झोप लागली. यांचं इन्शुलिन जुन्या वेळेवर आलं, भारताच्या वेळेचं ते जुनं घड्याळ परत कपाटात गेलं. परवा गणपती, नारळ खोवायला बसायचं आहे.

जाऊबाई दसरा झाल्यावर मेलबर्नला निघाल्या आहेत, सूनबाईंच्या बाळंतपणाला. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकीसाठी हे शेवटचं पान.

आपली रोजची उठायची वेळ घ्या, तिच्यातून अडीच-तीन तास वजा करा. ती तुमची थंड घटका. जिथे जायचं तिथल्या घड्याळात ती किती वाजता येते, ते मांडा. पश्चिमेला जात असाल तर तिच्या आधीचे तास उजेडात आणि नंतरचे अंधारात काढा, पूर्वेला जात असाल तर तिच्या आधी अंधार आणि नंतर उजेड. ती वेळ रोज सरकवा, पश्चिमेला दीड तास उशिरा, पूर्वेला एक तास अलीकडे. ऑक्टोबरात मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास असतं. जाऊबाई साडेसहाला उठतात, त्यांची चारची घटका तिथे सकाळी साडेनऊला येईल. पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत गॉगल आणि पडदे, दहापासून एकपर्यंत बाग. दुसऱ्या दिवशी साडेआठ. आठवड्याच्या आत जमेल.

औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्या. आणि बाळंतपणाला जाणार असाल तर दिलेल्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी पोचा. तिकिटात चार पैसे इकडेतिकडे झाले तरी चालतील. लेकीला आणि सुनेला त्या वेळी झोप पुरी झालेली आई हवी असते.